लाज असलेल्यांची चित्रं

आमच्या साप्ताहिकाचे व्यंगचित्रकार मास्तर खिशात कायम एक अर्ज घेऊन फिरायचे. अर्ज असा, की आमच्या गल्लीच्या तोंडाचा विजेचा खांब बरेच दिवस बंद आहे, तरी कृपा करून दिवा लावून मिळावा. खाली सही आणि पत्ता. कोल्हापुरात किंवा जिल्ह्यात कुठंही कुणी नवीन निवडून आलं, की अंगावरचा गुलाल निघायच्या आत मास्तर हा अर्ज घेऊन त्याच्या दारात हजर व्हायचे. विजेच्या खांबांशी त्या माणसाचा संबंध असो वा नसो. बाहेरच्या बाकावर तास-दोन तास बसायचं, आत कोण जातंय, बाहेर कोण येतंय ते बघायचं, आणि पाळी आली की अर्ज पुढं करायचा. समोरचा तो कसा घेतो, वाचतो की नुसताच दुमडतो, बोलताना अर्जदाराकडे बघतो की दाराकडे, एवढं बघून मास्तर परत यायचे. मंगळवारी चित्र तयार.

"दिवा लागला तर काय करणार मास्तर?" मी एकदा विचारलं.

"लागतोय कशाला? आणि लागलाच तर म्या सोता दगड मारून फोडीन. मग अर्ज कशाचा करू?"

ते एका हायस्कुलात चित्रकला शिकवायचे, म्हणून मास्तर. आमचं साप्ताहिक लक्ष्मीपुरीत एका छापखान्याच्या माडीवरून निघायचं. संपादक धरून आम्ही चार माणसं. मी उपसंपादक, म्हणजे प्रूफं तपासायचो, बातम्यांना मथळे द्यायचो आणि आलेल्या-गेलेल्याशी बोलायचो. मास्तर मला कधी नावानं हाक मारत नसत. "काय शुद्धलेखन, जेवलासा का?" असं जिन्यातूनच ओरडत यायचे. आवाज असा, की खालचे कंपोझिटर हातातला अक्षराचा खिळा टाकून वर बघायचे.

उंच, हडकुळे, कोपरावर शाई. डोक्यावर टोपी, आणि टोपीच्या कडेत खोचलेला बोरू. खोडरबर त्यांच्याकडे नव्हता. वर्गातल्या मुलांनाही वापरू देत नसत. रेघ चुकली की कागद फाडायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचं. "पुसल्यावर तुमाला दिसत न्हाय, पर कागदाला ठावं असतंय," म्हणायचे. त्यांच्या घरी चूल पेटवायला रॉकेल लागत नाही, अर्धवट आमदार लागतात, असं वहिनी सांगायच्या. वहिनी म्हणजे त्यांची बायको, बारीक चणीची, हसतमुख. "पंचवीस वर्षांत ह्यांनी माझं चित्र काढलं नाही. देवाची कृपा म्हणायची," हेही त्याच सांगायच्या.

मास्तरांची आणखी एक खोड होती आणि तिच्यावरून संपादकांशी त्यांची दर महिन्याला वादावादी व्हायची. ज्यांच्याविषयी सगळं गाव कुजबुजायचं, जे खुर्चीवर बसून बसून खुर्चीच झाले होते, त्यांची चित्रं मास्तर काढत नसत. त्यांना हवी असायची नवी माणसं. त्यातही चांगली. सुधारणा करतो म्हणून निवडून आलेली, सभेत बोलताना ज्यांचा गळा खरोखर दाटून येतो अशी. निवडून आल्यावर महिन्या-दोन महिन्यांत त्यांचं पहिलं चित्र निघायलाच पाहिजे, हा मास्तरांचा नेम.

"अहो, त्याला जरा बसू तरी द्या खुर्चीवर," संपादक म्हणायचे. "आणि त्या पलीकडच्या चोराला का सोडता?"

"म्हशीला टाचणी टोचून काय उपयोग हाय का सायेब?" मास्तर म्हणायचे. "ती शेपूट हालवती आणि रवंथ करत बसती. टाचणी माणसाला टोचावी. त्यो दचकतोय, बघतोय, सुधारतोय. ज्याला लाज हाय त्याचंच चित्र काढावं."

ऐकायला हे बरोबर वाटायचं. मलाही वाटायचं.

आणीबाणी उठल्यानंतरची ती वर्षं. गावोगावी जुनी मंडळी पडत होती आणि कधी राजकारणात न दिसलेली माणसं निवडून येत होती. आमच्या जिल्ह्यातलं एक बाजाराचं गाव आहे. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. तिथल्या नगरपालिकेत वीस वर्षं एकाच घराचा कारभार होता. तो पडला आणि नगराध्यक्ष झाले गावातले जनावरांचे डॉक्टर. साठीच्या आसपासचे, सायकलवरून गोठ्यागोठ्यात फिरणारे. सत्काराला हार आणू नका, तक्रार आणा, असं त्यांनी पहिल्याच दिवशी दवंडी पिटून सांगितलं. ठेकेदारांच्या निविदांची बंद पाकिटं आठवड्याच्या बाजारात, लोकांसमोर टेबल मांडून फोडली. हे आमच्याकडं कुणी कधी बघितलं नव्हतं. संपादकांनी अग्रलेख लिहिला. मास्तरांनी अर्ज उचलला आणि एसटी धरली.

परत आले. जिन्यातून हाक नाही, काही नाही. खुर्चीत बसले आणि अर्ज माझ्यासमोर टाकला. अर्जावर तांबड्या शाईत दुरुस्त्या होत्या.

"सगळा वाचला त्यानं," मास्तर म्हणाले. "दोनदा. म्हणला, पावणं, तुमचा खांब माझ्या हद्दीत न्हाय. पर अर्ज कुणाकडं करायचा त्ये सांगतो. मग चुका काढल्या. खांबाचा नंबर घाला म्हणला. आणि जाताना चा पाजला."

"मग चांगलाच आहे की माणूस."

"नुसता चांगला न्हवं, खरा हाय." मास्तरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "भ्या वाटतंय त्येचंच. माझ्यासारख्याच्या खांबावर अर्धा तास घालवला. भायेर चाळीस माणसं बसल्याली."

पुढं दोन महिने मास्तर त्या गावाला जात-येत राहिले. अर्ज संपला तरी बाजाराच्या निमित्तानं, जोंधळे आणायच्या निमित्तानं. डॉक्टरांचा कारभार त्यांनी मला रंगवून सांगितला. झाडूवाल्यांचे झाडू डॉक्टर स्वतः मोजून घेत. गटारावरच्या फरश्या सकाळी सहाला स्वतः उचलून बघत. प्रत्येक कागदावर स्वतःची सही, कारकुनावर विश्वास नाही. आणि त्यांच्याच बाजूनं निवडून आलेले सदस्य मागच्या मागं बाजाराची जागा मेव्हण्यांच्या नावावर करून घेत होते. गावाला हे दिसत होतं. डॉक्टरांना दिसत नव्हतं, कारण ते गटारात बघत होते.

मंगळवारी चित्र आलं. डाव्या अंगाला डॉक्टर, धोतराचा काचा मारलेले, हातात बॅटरी, कमरेत वाकून गटारात डोकं घातलेले. उजव्या अंगाला त्यांचेच सदस्य नगरपालिकेचं टेबल, खुर्च्या, घड्याळ, अगदी दारावरची पाटीसुद्धा बैलगाडीत भरून चाललेले. खाली डॉक्टरांच्या तोंडी एकच ओळ: "गळती सापडली!"

संपादक इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसलो. मास्तर हसले नाहीत. "त्यो बघंल," म्हणाले. "लाजंल आणि मागं वळून बघंल. एवढंच पायजे मला."

आणि खरंच तसं झालं. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांचं कार्ड आलं. अक्षर गोल, शाळेतल्यासारखं. 'चित्र पाहिले. वाकणे कमी करून मागे पाहण्याचा प्रयत्न करीत आहे. दोघांना जाब विचारला आहे. आपला आभारी.' मास्तरांनी ते कार्ड अख्ख्या छापखान्याला वाचून दाखवलं. खालच्या मशीनवाल्यालाही, ज्याला वाचता येत नव्हतं. त्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना मिसळ खाऊ घातली. मी त्यांना इतकं आनंदात त्याआधी आणि त्यानंतर कधी बघितलं नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी एक पाव्हणे ऑफिसात आले. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, हातात पेढ्यांचा पुडा. अतिशय नम्र.

"आमच्या गावात लई आवडलंय चित्र," ते म्हणाले. "खुद्द डॉक्टरसायबांना बी. वाचनालयाचा अंक काढतोय, त्यात छापावं म्हणतो. तेवढा ब्लॉक दिलासा तर बरं हुईल. छापला की आणून देतो."

चित्र छापायचं तर त्याचा जस्ताचा ब्लॉक करून घ्यावा लागे, लाकडाच्या तुकड्यावर ठोकलेला. वापरलेले ब्लॉक एका खोक्यात पडून असत, आणि ओळखीची छोटी मासिकं ते मागून नेत. मी प्रुफात बुडालो होतो. शुक्रवारचा अंक होता. मी खोक्यातून ब्लॉक काढला, कागदात गुंडाळला आणि दिला. नाव विचारलं नाही. पेढा घेतला.

पुढच्या बाजारच्या दिवशी त्या गावात हँडबिलं वाटली गेली. त्यांवर मास्तरांचं चित्र होतं, पण अर्धं. बैलगाडी नव्हती, टेबल-खुर्च्या नव्हत्या, चोर नव्हते. नुसता एक म्हातारा, ढुंगण वर करून, गटारात डोकं घातलेला. खाली मोठ्या खिळ्यात: 'गावचा कारभार कुठं हाय? गटारात!' भाजीच्या पाट्यांवर, दुकानांच्या फळ्यांवर, एसटीच्या पाठीवर, सगळीकडं ते चिकटवलं. डॉक्टर सायकलवरून निघाले की माणसं मागून ओरडायची, "डॉक्टर, सापडली का?" ज्यांच्या अडलेल्या म्हशी त्यांनी पाऊसपाण्यात जाऊन सोडवल्या होत्या, तेही हसायचे. हसू आलं की माणूस कुणाचा नसतो.

ज्या दोघांना डॉक्टरांनी जाब विचारला होता, ते जुन्या मंडळींना जाऊन मिळाले. अविश्वास ठराव आला. सभेत एका सदस्यानं ते हँडबिल उंच धरून दाखवलं आणि म्हणाला, आमच्या गावाची अब्रू ह्या माणसानं कोल्हापूरच्या पेपरात घालवली. ठराव पास झाला. सात महिन्यांचा कारभार.

ब्लॉक परत आला. कुणीतरी दारातल्या पेटीत टाकून गेलं होतं. संपादकांनी कागद सोडला. बारीक करवतीनं बरोबर मधोमध कापलेला, कडा घासून गुळगुळीत केलेली. बैलगाडीची बाजू नव्हतीच. मास्तरांनी तो हातात घेतला आणि कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

"ब्लॉक कुणी दिला?" संपादकांनी विचारलं.

मी समोरचं प्रूफ खाली केलं नाही. खालच्या म्हाताऱ्या फोरमननं दिला असेल, असं संपादक स्वतःच म्हणाले आणि त्याला बोलवायला निघाले.

"ऱ्हाऊ द्या सायेब," मास्तर म्हणाले. "कापली त्यांनी, पर रेघ माझीच हाय की."

मी प्रुफातली पुढची ओळ तपासायला घेतली.

महिनाभरानं मास्तर म्हणाले, "डॉक्टरास्नी भेटाय जायाचं हाय. येतासा का?" मी गेलो. डॉक्टर घरी नव्हते. शेजारच्या आळीत एका गोठ्यात म्हशीचा खूर बघत होते. आम्हाला बघून त्यांनी बादलीत हात धुतले, धोतराला पुसले आणि घरी नेलं. चहा आला तो दाराआडून. बांगड्यांचा आवाज आला, बाई बाहेर आल्या नाहीत.

"डॉक्टर, माफी मागाय आलोय," मास्तर म्हणाले.

"कशाची? चित्रात काय खोटं हुतं?"

"खोटं काय न्हवतं."

"मग? वाकलो हुतोच की मी. आणि तुमी दाखवलंसा म्हणून मागं बघितलं तरी." डॉक्टरांनी बशी खाली ठेवली. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "एकच इचारतो मास्तर. माझ्या आधीचे वीस वर्षं हुते. त्यांचं एक तरी चित्र काढलंसा?"

मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "न्हाय. त्यांस्नी लाज न्हाय. काढून उपेग न्हाय म्हणून."

"आणि मला हाय म्हणून काढलंसा."

"व्हय."

डॉक्टरांनी मान हलवली, जनावराचं दुखणं कळल्यावर हलवावी तशी. "आमच्या मंडळी बाजाराला जायाच्या बंद झाल्यात," ते म्हणाले. "भाजी मी आणतो आता." मग उठले. गोठ्यात म्हैस तशीच बांधून ठेवली होती, तिकडं जायचं होतं. दारापर्यंत आले आणि म्हणाले, "सावकाश जावा. पावणेपाचची गाडी हाय."

पावणेपाचच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो. उसाच्या गाड्यांनी रस्ता अडवला होता, एसटी थांबत थांबत चालली होती. मी खिडकीकडे तोंड करून म्हणालो, "मास्तर, ब्लॉक मी दिला होता."

ते रागावतील, निदान ओरडतील, असं मला वाटलं होतं. सबंध गाडीनं ऐकावं असं ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"इतकं दिस का सांगितलं न्हाईसा?"

"लाज वाटली."

मास्तरांनी माझ्याकडे नीट बघितलं, नव्या निवडून आलेल्याकडे बघायचे तसं. मग समोर बघत म्हणाले, "मग तुमाला काय बोलायचं? लाज असल्याल्यांस्नी बोलायचं सोडलं म्या आजपासनं."

बोलल्याप्रमाणे त्यांनी केलं. त्या गावचा नवा अध्यक्ष एक ठेकेदार होता, जुन्याच घराचा जावई. मास्तरांनी लागोपाठ सहा आठवडे त्याची चित्रं काढली. आयुष्यात इतकं कडू त्यांनी कधी काढलं नव्हतं. एका चित्रात तो नळाला तोंड लावून अख्खं गाव पितोय आणि मागं बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या आहेत. संपादक घाबरले, वकिलाला विचारून आले. काही झालं नाही. सातव्या आठवड्यात तो ठेकेदार जीपमधून स्वतः ऑफिसात आला, हसत हसत जिना चढला आणि सहाही मूळ चित्रं मागितली. दिवाणखान्यात फ्रेम करून लावायची होती.

"पोटाचा आकार जरा कमी काढलाय तुमी," तो मास्तरांना म्हणाला. "आमच्या घरात पोरं लई हसली. पुढच्या महिन्यात गावात या, तुमचा सत्कार करायचाय. तुमच्यामुळंच तर आमी आलो." त्यानं मास्तरांच्या खांद्यावर शाल टाकली. बरोबरच आणली होती.

मास्तर जागचे हलले नाहीत. तो गेल्यावर त्यांनी शाल काढून घडी केली, टेबलावर ठेवली, बोरू टोपीतून काढून शाईच्या दौतीशेजारी ठेवला आणि जिना उतरले. चपलांचा आवाज छापखान्याच्या खडखडाटात लगेच बुडाला.

नंतर ते आमच्यासाठी शब्दकोड्यांच्या चौकटी आखून देत, दिवाळीला रांगोळीचे नमुने देत. माणसाचं चित्र नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर तेही थांबलं. मी कधी रविवारी त्यांच्याकडे जायचो. ते भिंतीला टेकून बसलेले असत. बोलणं कमी, आवाज तर ओळखू येऊ नये इतका खाली आलेला. वहिनी मला आत बोलावून म्हणायच्या, "ह्यांना सांगा की काहीतरी काढायला. माझं काढा म्हटलं तरी काढत नाहीत." आणि डोळ्यांना पदर लावायच्या.

ऐंशीचं दशक उलटून गेलं. संपादक गेले आणि साप्ताहिक माझ्याकडे आलं. त्या सुमारास आमच्या भागातून एक तरुण निवडून आला. वकील, बोलायला धारदार, पायी फिरून मतं मागितलेला. गरिबांच्या वस्तीला पाणी आणि पक्की घरं देतो म्हणाला होता, आणि म्हणताना त्याचे डोळे भरून आलेले मी स्वतः बघितले होते. मी मास्तरांकडे गेलो. एकच चित्र काढा म्हटलं. नवा आहे, चांगला आहे, आत्ताच टोचलं तर जागेवर राहील.

"चांगला हाय न्हवं?"

"आहे."

"मग ऱ्हाऊ द्या त्येला," मास्तर म्हणाले. "एक तरी ऱ्हाऊ द्या."

मी दुसऱ्या कुणाकडून काढून घेतलं नाही. मीही काही लिहिलं नाही. मास्तरांचा शब्द मोडवेना, आणि खरं सांगायचं तर तो ब्लॉक मला विसरता येत नव्हता. गावातल्या इतर पेपरांनी तर त्या वकिलाला डोक्यावरच घेतलं होतं. अडीच-तीन वर्षं त्याच्याकडे कुणी वाकड्या नजरेनं बघितलं नाही. दरम्यान त्याची गाडी आली, गाडीमागं गाडी आली, दारात पहारेकरी आला. एके दिवशी त्याच वस्तीवर बुलडोझर गेला आणि मोकळ्या जागेवर त्याच्या भावाच्या इमारतीचा फलक लागला. त्या बातमीचं प्रूफ मी तपासलं.

त्याच आठवड्यात मास्तरांना दवाखान्यात ठेवल्याचं कळलं. मी गेलो. अंगात काही उरलं नव्हतं, पण नजर शाबूत होती. वहिनी उशाशी बसल्या होत्या. मला बघून मास्तरांनी हात हलवला आणि जवळ बोलावलं.

"शुद्धलेखन," ते म्हणाले, "त्या वकिलाचं कसं चाललंय?"

छापून झालेला अंक माझ्या पिशवीत होता.

"चांगलं चाललंय," मी म्हणालो. "घरं बांधतोय."

"बघा," मास्तर वहिनींकडे वळून म्हणाले, "न्हाय काढलं ते बरं झालं." मग भिंतीकडे तोंड करून झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले.